कॅन्सर बरा झाला. आता मनाचे काय?

वस्तीतल्या कुणाला कॅन्सर झाल्याचे कळले की आपले तरुण कार्यकर्ते धावून जातात. व्हॉट्सॲप ग्रुपवर मदतीचे आवाहन फिरते, विहारात निधी जमतो, कुणी रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर उभा राहतो, कुणी रक्तदाते शोधतो. ऑपरेशन होते, केमो होते, शेक पूर्ण होतो. डॉक्टर सांगतात, आता काही महिन्यांनी दाखवायला या. ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश पडतात आणि विषय तिथेच संपतो.

त्या घरात मात्र तो संपलेला नसतो. माणूस घरी आलेला असतो, रिपोर्ट चांगले असतात, तरी रात्री झोप लागत नाही. घशात थोडे खवखवले तरी काळजात धस्स होते. पूर्वी सभेला सगळ्यांच्या आधी येणारा माणूस आता दार लावून बसतो. घरचे म्हणतात, “एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलास, आता कशाला तोंड पाडून बसतोस?” या प्रश्नाचे उत्तर त्यालाही देता येत नाही.

कॅन्सरमधून बरे झालेल्यांमध्ये दिसणारे नैराश्य आणि चिंता यांविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. हा त्रास ओळखता येतो आणि त्यावर उपचारही आहेत. अडचण एवढीच की आपली मदत उपचारांच्या शेवटच्या दिवशी थांबते आणि पुष्कळांची खरी गरज त्यानंतर सुरू होते.

उपचार संपल्यावर त्रास का वाढतो?

अमेरिकेतील डॉक्टर फिट्झ्यू मुलन यांना तरुण वयातच कॅन्सर झाला. बरे झाल्यावर १९८५ मध्ये त्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून कॅन्सरनंतरच्या जगण्याचे तीन टप्पे मांडले. पहिला टप्पा निदान आणि उपचारांचा. दुसरा उपचार संपल्यानंतरचा, ज्यात आजार परत येईल का ही धास्ती असते आणि शरीर अजून सावरलेले नसते. तिसरा टप्पा दीर्घकाळ बरे राहण्याचा. वैद्यकीय व्यवस्थेचे सारे लक्ष पहिल्या टप्प्यावर असते आणि पुढच्या दोन टप्प्यांत माणूस बराचसा एकटा पडतो, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून दाखवले.

आपल्याकडचे चित्र पाहिले तर हे लगेच पटते. विदर्भ-मराठवाड्यातला रुग्ण परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात येतो. कुणी नातेवाइकांकडे राहतो, कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. ते दिवस हालअपेष्टांचे असतात, पण त्यांना एक शिस्त असते. आज रक्ततपासणी, उद्या केमो, परवा डॉक्टर. आजूबाजूला तोच आजार असलेली माणसे असतात. कुणाला काय खाल्ले की उलटी होत नाही, कुणाचे केस किती दिवसांनी आले, हे एकमेकांना विचारता येते. लढाई चालू असते तेव्हा मनाला विचार करायला फुरसत नसते.

मग गाव येते. तिथे या अनुभवातून गेलेले जवळपास कुणी नसते. आजारावर काहीतरी चालू आहे हा दिलासा जातो. शरीराचा थकवा कायम असतो, हातात काम नसते, कर्ज मात्र असते. जे झाले ते किती मोठे होते, हे माणसाला खऱ्या अर्थाने तेव्हा कळते. म्हणून उपचार संपल्यावर मन खचणे म्हणजे दुबळेपणा किंवा कृतघ्नपणा नव्हे.

आकडे काय सांगतात?

इंग्लंडमधील लेस्टरचे मानसोपचारतज्ज्ञ ॲलेक्स मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लान्सेट ऑन्कॉलॉजी’त अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून मांडले. रुग्णांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेऊन केलेल्या त्या अभ्यासांत, उपचारांसाठी कॅन्सर विभागात येणाऱ्या सुमारे १६ टक्के रुग्णांमध्ये नैराश्याचा आजार आढळला. म्हणजे साधारण सहा जणांत एक.

२०१३ मध्ये त्यांनीच निदानाला किमान २ वर्षे झालेल्यांचा आढावा घेतला. त्यात नैराश्याचे प्रमाण ११.६ टक्के होते, तर कॅन्सर न झालेल्या लोकांमध्ये १०.२ टक्के. म्हणजे काळ जातो तसे बहुतेकांचे नैराश्य ओसरते. चिंतेचे प्रमाण मात्र १७.९ टक्के होते आणि इतरांमध्ये १३.९ टक्के. म्हणजे दीर्घकाळ टिकून राहणारा त्रास मुख्यतः चिंतेचा आहे.

त्याच आढाव्यातील काही अभ्यासांत रुग्ण आणि त्यांचे जोडीदार यांची तुलना होती. तिथे चिंतेचे प्रमाण रुग्णांमध्ये २८ टक्के आणि जोडीदारांमध्ये ४०.१ टक्के आढळले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक पक्का मानता येण्याइतका नव्हता, पण रुग्णाची सेवा करणारी पत्नी, पती किंवा घरचे माणूस रुग्णाइतकेच त्रासात असू शकते, एवढे यातून दिसते. त्यांची विचारपूस तर कुणीच करत नाही.

भारतात २०२२ या एका वर्षात कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज आहे. स्तन, तोंड आणि गर्भाशयमुख यांचे कॅन्सर त्यांत सर्वाधिक आहेत. लवकर सापडले तर या तिन्ही कॅन्सरमध्ये बरे होण्याची शक्यता चांगली असते. म्हणजे आपल्या आजूबाजूला कॅन्सरनंतर जगणाऱ्यांची संख्या वाढत जाणार आहे.

चिंता कशी ओळखावी?

कॅन्सर परत येईल ही भीती जवळजवळ प्रत्येकाला थोडीफार असते आणि ती स्वाभाविक आहे. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते, रिपोर्ट चांगला आला की मन शांत होते. इथवर काळजीचे कारण नाही.

भीती रोजच्या जगण्यावर ताबा मिळवू लागली की तो आजार होतो. दिवसातून दहा वेळा मानेवर, छातीवर हात फिरवून गाठ चाचपून पाहणे, छातीत धडधड, हातपाय गार पडणे, श्वास अडकल्यासारखा होणे, छोट्या आवाजाने दचकणे, सतत चिडचिड, मोबाईलवर रात्रभर आजाराची माहिती शोधत बसणे, ही त्याची लक्षणे आहेत. काहींमध्ये चिंता उलट्या रूपात दिसते. ते तपासणीलाच जात नाहीत. “गाडीभाडे नाही”, “आता कुठे काय होतंय” अशी कारणे देतात. कार्यकर्त्याला वाटते, माणूस निष्काळजी आहे. खरे तर तो घाबरलेला असतो. हे ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण तपासणी चुकली आणि आजार खरेच परत आला असला, तर तो उशिरा कळतो.

नैराश्य कसे ओळखावे?

आपल्याकडे नैराश्य म्हणजे रडत बसणे असा समज आहे. प्रत्यक्षात लोक “मला नैराश्य आले आहे” असे म्हणत नाहीत. ते म्हणतात, “मन लागत नाही”, “अंगात त्राणच नाही”, “डोके जड वाटते”, “कशातच राम वाटत नाही”. पुरुष पुष्कळदा रागीट होतात किंवा दारूकडे वळतात. तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस पुन्हा चोरून तंबाखू खाऊ लागतो, त्यामागेही कधीकधी हेच असते.

दोन साधे प्रश्न विचारता येतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास किंवा हताश होते का? आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नाही असे झाले का? यांपैकी एकाचे उत्तर जरी ‘हो’ असले तरी डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

इथे एक काळजी घ्यावी लागते. कॅन्सरनंतरचा थकवा, भूक न लागणे, झोप बिघडणे ही लक्षणे शरीराच्या कारणांनीही येतात. मानेला शेक दिल्यानंतर काहींची थायरॉईड ग्रंथी मंदावते. त्याने सुस्ती आणि उदासी येते आणि ते साध्या रक्ततपासणीत कळते. रक्त कमी असणे, न थांबणारी वेदना, स्टिरॉइड औषधे, स्तनाच्या कॅन्सरनंतर वर्षानुवर्षे घ्यावी लागणारी हार्मोनची गोळी यांचाही झोपेवर आणि मनावर परिणाम होऊ शकतो. म्हणून “सगळे मनाचे खेळ आहेत” असे म्हणून मोकळे होऊ नये. आधी तपासणी झाली पाहिजे.

घाव फक्त शरीरावर नसतो

तोंडाच्या ऑपरेशननंतर जबड्याचा भाग जातो, चेहरा बदलतो, बोलणे अस्पष्ट होते, तोंड पुरते उघडत नाही. लग्नाच्या पंगतीत बसायला माणूस लाजतो. ज्याची ओळखच भाषणाने किंवा गाण्याने होती, त्या कार्यकर्त्याचा आवाज गेला तर त्याचे काय होत असेल? स्तन काढलेली बाई नवऱ्यासमोरही अवघडते. गर्भाशयमुखाच्या शेकानंतर शरीरसंबंधात त्रास होतो, पण हे बोलायचे कुणाशी? तरुण मुलीला कॅन्सर होऊन गेला असेल तर घरचे ती गोष्ट लपवतात, कारण लग्न मोडेल अशी भीती असते.

त्यात रोजंदारीचा प्रश्न आहे. बांधकामावर जाणाऱ्याला किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईला “अंगात पूर्वीसारखी ताकद नाही” हे कारण चालत नाही. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या की काहींचा हात सुजतो, जड ओझे उचलताना त्रास होतो. काम सुटते, आणि घरात आपण ओझे झालो ही भावना मन पोखरते. गरिबाच्या नैराश्यावर बोलताना त्याच्या पोटापाण्याचा विचार वगळून चालत नाही.

आणि समाजाचे बोलणे. कॅन्सर संसर्गाने पसरत नाही, तरी काही घरांत रुग्णाचे ताट-पेला वेगळा केला जातो. स्पर्शाने विटाळ मानण्याची वेदना आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. तीच वागणूक आपल्या घरात आजारी माणसाला मिळत असेल तर ती ताबडतोब थांबली पाहिजे.

याहून खोल जखम करणारे वाक्य म्हणजे “मागच्या जन्मीचे कर्म, भोगावे लागणार.” हे वाक्य अजून आपल्याही घरांत ऐकू येते. आधीच खचलेल्या माणसाला ते सांगते की हा आजार तुझीच शिक्षा आहे. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात भगवान बुद्धांना नेमका हाच प्रश्न विचारला जातो. माणसाला जे सुखदुःख भोगावे लागते ते सारे पूर्वकर्मामुळेच असते, हे म्हणणे त्यांनी तिथे नाकारले आहे. शरीरातील बिघाड, ऋतुबदल, बाहेरून झालेली इजा अशी अनेक कारणे ते मोजतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची कठोर चिकित्सा केली आहे. तेव्हा आजारी माणसाला कर्माचा दोष देणे हे अज्ञान आहे आणि ते धम्माच्याही विरुद्ध आहे.

उपचार काय आहेत?

पहिला उपचार म्हणजे प्रशिक्षित व्यक्तीशी बोलणे. समुपदेशनात नुसता धीर दिला जात नाही, विचारांची साखळी तपासली जाते. उदाहरण घ्या. पाठ दुखली, मग ‘कॅन्सर हाडात गेला’ हा विचार, मग रात्रभर जागरण, मग दुसऱ्या दिवशी अंग आणखी दुखणे आणि भीतीला जणू पुरावा मिळणे. समुपदेशक ही साखळी माणसाला दाखवून देतो. कोणत्या लक्षणासाठी लगेच यायचे आणि कशाची काही दिवस वाट पाहायची, हे डॉक्टरांकडून लिहून घेतले तर निम्मी घालमेल कमी होते.

दुसरा उपाय म्हणजे छोट्या कामांनी दिवसाला पुन्हा आकार देणे. मन लागेल तेव्हा काम करू, असे म्हटले तर ती वेळ येत नाही. रोज ठरलेल्या वेळी चालणे, मुलांचा अभ्यास घेणे, विहारातल्या ग्रंथालयात तासभर बसणे, अशा कृतींनी मन हळूहळू मागून येते. डॉक्टरांना विचारून केलेला व्यायाम थकवाही कमी करतो.

तिसरा उपाय सजगतेचा आहे. सल्लत्थ सुत्तात दोन बाणांची उपमा येते. शरीराला लागलेली वेदना हा पहिला बाण, आणि त्या वेदनेवर मनाने घेतलेला शोक, भीती, संताप हा दुसरा. पहिला बाण नेहमी टाळता येत नाही, दुसरा मात्र टाळता येतो. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी सजगतेच्या सरावावर आधारित ८ आठवड्यांचा कार्यक्रम रुग्णांसाठी सुरू केला. कॅन्सर तज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, कॅन्सरनंतरच्या नैराश्य आणि चिंतेसाठी समुपदेशन व व्यायामाबरोबर अशा सरावाचीही शिफारस आहे.

मात्र उत्साहाच्या भरात कुणालाही थेट दहा दिवसांच्या मौन शिबिराला पाठवू नये. तीव्र नैराश्य असलेल्या किंवा आत्महत्येचे विचार येणाऱ्या माणसासाठी ते योग्य नसते. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते, ती लपवू नये. घरी रोज १० मिनिटे आनापान ही सुरुवात पुरेशी आहे, आणि ध्यान हे औषधाच्या जागी नाही, त्याच्या सोबतीला आहे.

चौथा उपाय औषधांचा. त्रास तीव्र असेल किंवा बोलण्याच्या उपचाराने पुरेसा फरक पडत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ गोळ्या देतात. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची नशा चढत नाही आणि दारूसारखे व्यसनही लागत नाही. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. एक गोष्ट विसरू नये. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमोक्सिफेन चालू असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. पॅरोक्सेटीन, फ्लुऑक्सेटीन यांसारखी काही औषधे टॅमोक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात आणि डॉक्टर त्याऐवजी दुसरे औषध निवडू शकतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

आपण डॉक्टर नाही, पण रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातला रस्ता आपण चालू ठेवू शकतो.

१. उपचार संपल्यावर यादीतून नाव काढू नका. पुढच्या तपासणीच्या तारखा लिहून ठेवा, शक्य असेल तर कुणीतरी सोबत जा. उपचारांनंतर पहिली दोन-तीन वर्षे तपासण्या जवळजवळ असतात, तोच काळ कठीण असतो.

२. विचारण्याची पद्धत बदला. “कसा आहेस?” याला “बरा आहे” हेच उत्तर येते. “गेल्या आठवड्यात मनाचा त्रास शून्य ते दहामध्ये किती होता?” असे विचारा. कॅन्सर रुग्णालयांत असेच मोजमाप वापरतात आणि ४ किंवा अधिक आकडा आला तर पुढची चौकशी करतात.

३. “तू तर योद्धा आहेस”, “सकारात्मक राहा” ही वाक्ये आवरा. योद्धा म्हटलेल्या माणसाला मग रडायची चोरी होते. गप्प बसून ऐकणे अधिक उपयोगी पडते.

४. सेवा करणाऱ्याला सुट्टी द्या. आठवड्यातून एक दुपार कुणीतरी रुग्णाजवळ बसले तर त्या बाईला स्वतःचे औषधपाणी करता येते, नुसते झोपता येते.

५. तालुक्यातील कॅन्सरमधून बरे झालेल्यांना महिन्यातून एकदा एकत्र आणा. विहाराची जागा आहे, चहा आहे, तेवढे पुरेसे आहे. धर्मशाळेत मिळालेली सोबत गावात उभी करणे आपल्या हातात आहे.

६. सोयी माहीत करून घ्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर २४ तास, मोफत आणि मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय कोणत्या दिवशी असते, ते विचारून फलकावर लिहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी सेवेत मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि आरोग्य विमा कंपन्यांनाही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण देणे बंधनकारक आहे.

७. “जगून काय उपयोग”, “मी गेलो तर सगळे सुटतील” असे कुणी बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नका. जीव देण्याचा विचार येतो का, असे सरळ आणि शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे कुणी पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला आंघोळ घातली आणि संघाला सांगितले की आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा आहे. कॅन्सरमधून उठलेल्या माणसाचे दुखणे तसे उघड दिसत नाही, ते आतल्या आत असते. म्हणून तिथे डोळ्यांपेक्षा कान अधिक लागतात. आपल्या वस्तीत गेल्या दोन वर्षांत कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेले किती जण आहेत, याची यादी या रविवारी विहारात बसून करता येईल. त्यातल्या पहिल्या नावाच्या घरी त्याच संध्याकाळी जाऊन यावे.